काटकसर करतो कोण आणि सोसतो कोण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर कशाचं देतेय ते स्पष्ट राहील. तुमचं वय ३४, नोकरी हिंजवडीत, भाड्याचं घर कर्वेनगरात. तुमचे ९५ हजार आणि बायकोचे ७० हजार, मिळून महिना १ लाख ६५ हजार हातात येतात. भाड्यासकट ६५ हजारांत घर चालवता आणि वरचे लाख रुपये गुंतवता. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकायचा बेत आहे. वडील शिक्षक होते, एका पगारात त्यांनी घर केलं आणि दोन मुलं शिकवली, तोच कित्ता तुम्ही गिरवताय. बायको मात्र म्हणते, "आपण जगणार कधी?" म्हणून तुम्ही विचारताय की काटकसरीने आयुष्य खरंच चांगलं होतं, की नुसते पैसे साठतात. आणि जाता जाता, गाडी घ्यावी का?

मी या कामात तीसेक वर्षं आहे. १९९४ साली पोस्टाच्या आवर्ती ठेवीची, म्हणजे आरडीची, एजंट म्हणून सुरुवात केली, शंभर रुपये गोळा केले की चार रुपये कमिशन. आता कोथरूडात छोटं ऑफिस आहे, म्युच्युअल फंड आणि विमा बघते, लोकांचे हिशेब मांडून देते. पण माणसं कळली ती नारायण आणि शनिवार पेठेतल्या वाड्यांचे जिने चढताना. महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पैसे पोस्टात पडायला हवेत, म्हणून दारोदार जायचं. पैसे बहुतेक घरांत स्वयंपाकघरातून यायचे, त्यामुळे उभं राहायचं तेही तिथेच. पगाराचा आकडा लोक बाहेरच्या खोलीत सांगतात, घराची खरी तब्येत ओट्यापाशी कळते.

तर माझं उत्तर: होतं, पण ज्याने काटकसर ठरवली त्यानेच ती सोसली तर. आणि ती कशासाठी चाललीय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल तर. या दोन गोष्टी जिथे नव्हत्या तिथे पैसे भरपूर साठलेले मी पाहिलेत. घरं मात्र आंबलेली.

नारायण पेठेत एक काकू होत्या. नवरा लवकर गेलेला, पेन्शन बेताची. त्या महिना शंभराची आरडी भरायच्या. पैसे साखरेच्या डब्यामागे, हातरुमालाच्या गाठीत. माझ्याकडचं कार्ड त्या प्लॅस्टिकच्या खोळीत ठेवायच्या आणि खोळीत एक चिठ्ठी असायची. पहिल्या कार्डाच्या वेळी मी सहज चिठ्ठी उलटून बघितली. पेन्सिलीने एकच शब्द: "कवळी." पाच वर्षं शंभर-शंभर भरून दात घ्यायचे होते त्यांना. तेव्हा आरडीला साडेबारा टक्के व्याज होतं, सहा हजारांचे आठ हजारांवर झाले. कवळी आली, आणि काकूंनी मला मुद्दाम बोलावून चिवडा खाऊन दाखवला. दुसऱ्या कार्डाच्या चिठ्ठीवर होतं "सवाई, सगळ्या रात्री, शाल." सवाई म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव. एरवी बसचं तिकीट वाचवायला मंडईपर्यंत चालत जाणाऱ्या बाईने पाच वर्षांनी तीही रक्कम ठरल्याप्रमाणे उडवली. 'उडवली' हा त्यांचाच शब्द, आणि तो उच्चारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

याच्या उलट एक घर. त्याचे तपशील मी थोडे बदलून सांगते. गृहस्थ निवृत्त, मोठ्या कंपनीतून. मुदत ठेवी, ज्येष्ठ नागरिक योजना, पीपीएफ, सगळं मिळून दीड कोटीच्या आसपास, आणि तेही आठ-दहा वर्षांपूर्वीचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्या बायकोचे, या घरच्या काकूंचे, गुडघे गेलेले, तरी रिक्षा म्हणजे उधळपट्टी. एकसष्टाव्या वर्षी मेडिक्लेमचा हप्ता वाढला म्हणून गृहस्थांनी पॉलिसीच सोडून दिली. "इतकी वर्षं भरले, एक रुपया परत आला नाही," हे त्यांचं वाक्य. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा त्यांनी विषय बदलला. पुढे बायपास झाली, सगळं बिल खिशातून. पैसे होते, भरले. पण त्यानंतर ते आणखी घट्ट झाले.

ते गेल्यावर कागदपत्रं लावायला मी काकूंकडे गेले. एकूण आकडा सांगितला तेव्हा त्या रडल्या नाहीत की चिडल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच विचारलं, "धूर ओढून घेणारा पंखा केवढ्याला येतो गं?" अठ्ठावीस वर्षं त्यांनी खिडकीला पाठ करून फोडणी दिली होती. भिंतीवर टाइलच्या वर जिथपर्यंत हात पोचत नाही तिथे तेलाचा पिवळट थर होता. पंखा दोन हजारांत बसला.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की डिशवॉशर नको आणि भांड्यांना मावशीही नकोत असं ठरवलं, कारण आपली कामं आपणच करावीत. तत्त्व चांगलं आहे. पण भांडी घासतं कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एवढ्या बारीक हिशेबात एवढीच नोंद राहिली, म्हणजे उत्तर मला साधारण कळलं. दिवसाला पाऊण तास धरला तरी महिन्याचे बावीस-तेवीस तास होतात. ते तास तुमच्या एक्सेलमध्ये कुठल्याच रकान्यात नाहीत, कारण ते दुसऱ्याच्या खात्यातून वळते होताहेत. "आपण जगणार कधी?" हा प्रश्न मला तरी मालदीवच्या सहलीबद्दलचा वाटत नाही.

तुमच्या स्वतःच्या काटकसरीचाही एक हिशेब करू. कंपनीची बस सोडून तुम्ही पीएमपीच्या दोन बस बदलत जाता, महिना २,२०० रुपये वाचतात आणि रोज तासभर जास्त जातो. बावीस दिवसांचे बावीस तास. म्हणजे तुम्ही स्वतःचा तास शंभर रुपयांना विकताय. तोच तास कंपनी तुमच्याकडून साधारण ४८० रुपयांना घेते. बरं, म्हणाल की थेंबे थेंबे तळे साचे. साचवू या. २,२०० रुपये दरमहा, अकरा वर्षं, दहा टक्के परतावा धरून सव्वापाच लाख होतात. तुमचा आजचा ६५ हजारांचा घरखर्च सहा टक्के महागाईने तोवर सव्वा लाखाच्या घरात गेलेला असेल. म्हणजे त्या तळ्यात चार महिन्यांचा घरखर्च. आणि त्यासाठी घातलेले तास? सुट्ट्या सोडून दिल्या तर २,९०४. अहोरात्र मोजले तर १२१ दिवस, तेही चारच महिने. चार महिने लवकर मोकळं व्हायला चार महिने बसमध्ये, आणि तेही चांदणी चौकाच्या आसपास, उभ्याने.

पीएमपीने जाऊ नका असं नाही म्हणत. माझे एक गिऱ्हाईक रोज बसनेच जातात कारण त्यांना तो वेळ वाचायला मिळतो. आप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं घेतात आणि बसमध्ये संपवतात. त्यांची ती काटकसर नाहीच, चैन आहे.

वडिलांचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या पिढीतले निम्मे लोक इथेच फसतात. तुमच्या वडिलांनी काटकसर केली हे खरंच. पण तेव्हा वारा पाठीवर होता. पीपीएफला १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के मिळत होते. किसान विकास पत्रात पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. आज पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर आहे आणि तेच विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने घेतं, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. महागाई तेव्हाही होती, चांगली दणदणीत होती. पण साध्या माणसाला पोस्टाच्या खिडकीवर, काहीही डोकं न लावता, तिच्या बरोबरीने धावणारं व्याज मिळत होतं. शिवाय तेव्हा मध्यमवर्गीयाला परवडेल अशी जागा कोथरूडला मिळत होती. नुसतं कमी खर्चून तो कित्ता आता गिरवता येत नाही. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेले पैसे बचत खात्यात पडून असतील, तर दर वर्षी ते थोडे विरघळतात. तुम्ही गुंतवताय, त्यामुळे तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण तुमच्या वडिलांना एकदा विचारा त्यांचे कुठे आहेत.

मागच्या पिढीच्या काटकसरीत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे भीती. माझ्या आईने १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेला पूर पाहिला. शनिवार पेठेतलं त्यांचं तळमजल्याचं बिऱ्हाड होतं तसं वाहून गेलं. ती गेली त्या दिवशीपर्यंत रेशनकार्ड, दागिन्यांची डबी आणि एक सतरंजी माळ्यावरच असायची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत असूनही. रिकामा डबा टाकलेला मी कधी पाहिला नाही. त्यात १९७२ चा दुष्काळ आला, रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, आली. या बायकांनी जपून ठेवलं ते तत्त्व म्हणून नव्हे, तर उद्या पुन्हा सगळं जाईल म्हणून. ती सवय आमच्यात उतरली, भीतीचं कारण मात्र मागे राहिलं. तुमच्यात किती उतरलंय, ते तुमचं तुम्ही तपासा. एक साधी खूण आहे: शिल्लक वाढल्यावर तुम्हाला हायसं वाटतं, की पुढचा आकडा दिसायला लागतो?

पुण्यात साधेपणाची परंपराच आहे, असंही तुम्ही म्हणता. आहे ना. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य, गोखल्यांपासून कर्व्यांपर्यंत, महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवत. कर्वे हिंगण्याहून कॉलेजात पायी जात, म्हणजे तुमच्याच भागातून. पण त्यांनी काय मिळवायला किती सोडलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि तिथेही भांडणं झालीच. आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, या वादाचा टिळक १८९० मध्ये बाहेर पडण्यात मोठा वाटा होता. इतकी मोठी माणसं एका संस्थेत काटकसरीच्या व्याख्येवर एकमत करू शकली नाहीत, तिथे तुम्ही दोघं दोन खोल्यांत भांडताय यात लाजण्यासारखं काही नाही. त्या पंचाहत्तर रुपयांत घर कोण चालवत होतं, हे मात्र पुतळ्यांखाली लिहिलेलं नसतं.

पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्तीचं गणित आता पटकन उरकते. वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट रक्कम जमली की झालं, हा नियम तुम्ही धरलाय. त्याचं मूळ विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकी सल्लागाराच्या १९९४ च्या कामात आहे. त्याने तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या आकड्यांवर, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी, पहिल्या वर्षी चार टक्के, म्हणजे पुंजीचा पंचविसावा भाग, काढता येतात का हे तपासलं होतं. तुमचा बाजार वेगळा, महागाई वेगळी, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी थांबलात तर काढायची आहेत चाळीस वर्षं. मी माझ्या लोकांना पस्तीसपट सांगते. पंचवीसपटच धरली तरी आजचे सात लाख ऐंशी हजार वर्षाला, म्हणजे १ कोटी ९५ लाख, त्याच सहा टक्के महागाईने अकरा वर्षांनी ३ कोटी ७० लाख. लाख रुपये दरमहा दहा टक्क्यांनी तेवढ्या काळात २ कोटी ४० लाखांच्या आसपास जातात. पगार वाढतील, बचत वाढेल, तफावत कमी होईल हे खरं. पण ती बसच्या तिकिटातून भरून निघणार नाही.

खर्च कमी असण्याचा खरा जोर दुसरीकडे आहे. महिन्याला हजार रुपये कमी लागत असतील, तर हजार साठतात हे एक, आणि पुढे आयुष्यभर ते हजार लागणार नाहीत म्हणून पुंजीही कमी पुरते, हे दुसरं. पस्तीसपट धरली तर एका हजारामागे चार लाख वीस हजारांची पुंजी कमी. म्हणून मी काटकसरीच्या विरोधात नाही, मी स्वतः रद्दीची पावती जपून ठेवणारी बाई आहे. फक्त ती मोठ्या चार गोष्टींत करा: घर, गाडी, मुलांची शाळा, घरातलं लग्नकार्य. पन्नास लाखांचं गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ४३,३९१ रुपये, आणि व्याजच चोपन्न लाख. तेच चाळीस लाखांत बसेल असं घर निवडलं तर हप्ता जवळपास पावणेनऊ हजारांनी उतरतो, म्हणजे वर्षाला लाखाच्या वर. एकदा, एका सहीत केलेली काटकसर. ती केली की पुढची वीस वर्षं चहाबरोबर बाकरवडी घ्यावी का, याचा विचार करावा लागत नाही. लोक नेमकं उलटं करतात. बिल्डरच्या ऑफिसात एसीमध्ये बसून दहा लाख वाढवतात आणि मंडईत मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी अडून बसतात.

माझीही एक चूक सांगते, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका सहकारी बँकेत एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून पाच लाख ठेवले. वर्षाला पाच हजार जास्तीचे. बँकेवर निर्बंध आले, पैसे अडकले. ठेवींना तेव्हा एक लाखापर्यंतच विमा होता, पाच लाखांची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये झाली. लोकांना हे सगळं मीच सांगत असे. आणि तरी ते एक टक्का सोडवेना. मला ती हाव वाटलीच नव्हती, मी तिला काटकसर म्हणत होते. एका जागी फार पैसा, हातचा विमा सोडणं, डॉक्टरकडे जायला उशीर, दातांचं दुखणं क्रोसिनवर ढकलणं, या सगळ्याला आपल्याकडे तेच नाव मिळतं.

तुम्ही दोघांनी एक रविवार काढा. एक्सेल उघडायचं नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं की कुठली काटकसर मला टोचते आणि कुठली मला टोचत नाही. मग कागदांची अदलाबदल. माझ्या ऑफिसात मी हे करायला लावते तेव्हा गंमत होते. नवऱ्याला वाटत असतं बायकोला साड्या हव्यात, आणि तिने लिहिलेलं असतं "गीझर पाच मिनिटं जास्त." बायकोला वाटत असतं हा कंजूष आहे, आणि त्याने लिहिलेलं असतं की मित्रांनी बिल वाटून घ्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. ज्या गोष्टी दोघांनाही टोचत नाहीत त्या चालू ठेवा, बाहेरचं जेवण कमी असेल, तीन वर्षं जुना फोन असेल. ज्या एकालाच टोचतात त्यांचा खर्च आधी करा. तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की भांड्यांना मावशी येतील, कंपनीची बस परत सुरू होईल, आणि दोन्ही मिळून लाखाच्या गुंतवणुकीतले पाचेक हजार कमी होतील. पंचेचाळीसचे काही महिने पुढे जातील. जाऊ देत.

गुंतवणुकीला नावं द्या, नारायण पेठेतल्या काकूंसारखी. पन्नास एसआयपी, म्हणजे दरमहाच्या ठरावीक गुंतवणुका, 'निवृत्ती' या एकाच नावाने चालल्या की घरातल्या दुसऱ्या माणसाला त्यात आपलं काहीच दिसत नाही. एखादी तीन वर्षांची ठेव बायकोला हवं त्या नावाने उघडा, आणि मुदत संपल्यावर पैसे मोडायला तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. ते पुन्हा गुंतवायचे नाहीत. हे तुम्हाला जड जाईल, म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि गाडीचं. आत्ता नको. बारा लाखांची गाडी दहा वर्षं वापरलीत तर मोडीची किंमत वजा जाता घसाऱ्याचेच वर्षाला लाखभर, वर विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, आणि कर्वेनगरात पार्किंगवरून शेजाऱ्यांशी होणारी बोलाचाली वेगळी. त्याऐवजी महिन्याला चार हजार रुपये रिक्षासाठी बाजूला काढा आणि महिनाअखेर त्यातले उरले तर वाईट वाटून घ्या. सासू-सासरे आले, पाऊस आला, बायको दमली, हात करायचा आणि बसायचं. मीटर बघायचा नाही. मूल झालं की गाडीचा विषय पुन्हा काढू, तोवर दोन वर्षं वापरलेली चांगली मिळते का तेही बघता येईल.